शंखात उतरलेलं पाणी

इंदूरच्या बऱ्याच घरांत दोन पाणी असतात, एक नर्मदेचं आणि एक बोरिंगचं. नर्मदेचं पाणी जलूदला उचलून, विंध्याचा चढ चढवून, सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून शहरात येतं. १९७८ पासून येतंय. ते बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं आणि हौदात, टाकीत साठवावं लागतं. बोरिंगला मोटारीचं बटण पुरतं. घरातल्या माणसांना या दोन पाण्यांतला फरक तुरीची डाळ शिजायला घेते त्या वेळावरून कळतो, किंवा बादलीच्या कडेला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून. अॅक्वेरियम ठेवणाऱ्याला तो गोगलगाईच्या शंखावरून कळतो. मासा दोन्ही पाण्यांत जगून दाखवतो आणि महिनोन् महिने तक्रार करत नाही. गोगलगाय मात्र आपलं घर त्याच पाण्यातून आणि पोटात गेलेल्या अन्नातून बांधते, त्यामुळे पाण्यात जे कमी आहे ते तिच्या पाठीवर दिसतं.

एखादी मिस्ट्री स्नेल, म्हणजे अॅक्वेरियममध्ये ठेवतात ती मोठी गोगलगाय, उचलून खिडकीच्या उजेडात धरा. शंखाच्या तोंडाची कड आधी बघायची. ती पातळ, किंचित लवचीक आणि बाकीच्या शंखापेक्षा फिकी असेल तर वाढ चालू आहे. नवा शंख फक्त इथेच तयार होतो, कारण तो घडवणारा मऊ पडदा, म्हणजे प्रावार, या कडेला चिकटून असतो. कडेपासून मागे सरकत गेलात की बारीक आडव्या रेषा लागतात. एखादी रेषा जाड, उंचवट्यासारखी असेल तर तिथे वाढ थांबून पुन्हा सुरू झालेली असते: गोगलगाय दुकानातून घरी आली, किंवा थंडीत पाणी गार पडलं, किंवा महिनाभर कोणी पाणी बदललं नाही. सगळ्यात जुना भाग शेंड्याचा. त्यावरचं पातळ सेंद्रिय आवरण घासून गेलं आणि पाणी आम्ल असलं की खालचं कॅल्शियम कार्बोनेट उघडं पडून विरघळतं, आणि शेंडा पांढरा, खवलेला दिसू लागतो. शंख हा त्या पाण्याचा रोजमेळ आहे, आणि त्यात मागे जाऊन खाडाखोड करता येत नाही. कडेला पडलेला तडा गाय आतून सांधते. शेंड्याची झीज मात्र बाहेरून भरून येत नाही. ‘शंख पांढरा पडलाय, आता काय घालू?’ असं विचारणाऱ्याला खरं उत्तर एवढंच आहे की आता जे कराल ते पुढच्या कडेवर दिसेल.

कडा चांगली यायला पाण्याचे आकडे साधारण असे हवेत: पीएच ७.२ ते ८.२, जीएच (पाण्यातलं एकूण कॅल्शियम-मॅग्नेशियम) ८ ते १५ अंश, केएच (आम्लाला थोपवणारी क्षारता) किमान ५, तापमान २२ ते २८ अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत. जीएच-केएचसाठी थेंब मोजायचे किट घ्या. पट्ट्या स्वस्त पडतात, पण शेड ओळखण्यातच निम्मी अचूकता जाते.

इथे सगळ्यात मोठी फसगत टीडीएस मीटरची. हे पेनासारखं यंत्र आता घरोघरी आहे, आणि त्याने ६०० दाखवलं की माणूस निर्धास्त होतो, पाणी जड आहे म्हणजे कॅल्शियम भरपूर असणार. पण टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच काही. बोरिंगवर चालणाऱ्या सोसायट्यांत आणि बंगल्यांत सॉफ्टनर असतो. त्यातली राळ पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. म्हणूनच त्यात मिठाची पोती ओतावी लागतात. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, जीएच मात्र एक-दोन अंशांवर येतो. अशा पाण्यात मीटर ६०० दाखवतो आणि शंख कागदासारखे होत जातात. उपाय साधा आहे. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. बागेला पाणी घालायचा नळ बहुधा तसाच असतो.

आरओचं पाणी त्याच्या उलट टोकाचं. त्यात कॅल्शियमही नाही आणि आम्लाला थोपवणारी क्षारताही नाही. नुसत्या आरओ पाण्यात गोगलगाय ठेवणं म्हणजे तिचा शंख रोज थोडा थोडा काढून घेणं. मिसळून मात्र ते उत्तम काम देतं. समजा बोरिंगचा जीएच २४ आला आणि आरओचा १. तर दहा लिटरमध्ये चार लिटर बोरिंग आणि सहा लिटर आरओ घेतलं की जीएच १० च्या आसपास बसतो. बोरिंग नसेल तर खनिज घालावं लागतं, आणि तो हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: एका लिटरचा जीएच एक अंश वाढवायला शुद्ध जिप्सम सुमारे ३० मिलिग्रॅम लागतं, आणि केएच एक अंश वाढवायला खाण्याचा सोडाही तेवढाच. ५० लिटरला चार अंश हवे असतील तर प्रत्येकी ६ ग्रॅम. हे मिश्रण बादलीत करायचं, टाकीत नाही. खताच्या दुकानातलं जिप्सम वापरू नये, त्यात आणखी काय आहे ते पोतं सांगत नाही. आणि चुना, पानाच्या डबीतला असो की रंगाऱ्याचा, अजिबात नको. तो हायड्रॉक्साइड आहे. चिमूटभर जास्त पडला तरी पीएच उडी मारतो आणि त्याबरोबर पाण्यातला निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो.

नर्मदेचं पाणी त्या मानाने मधलं आणि किंचित अल्कधर्मी असतं, नवशिक्यासाठी हेच बरं. अडचण क्लोरीनची. उघड्या बादलीत २४ तास हवेचा पंप लावून ठेवलं की साधं क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोच्या डार्करूममधला जुना हायपो. दुकानात तो ‘अँटीक्लोर’ म्हणून मिळतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १०० लिटरला १ ग्रॅम पुरतो.

एवढं सगळं जमवून, पाणी चांगलं भरूनही, वर्षभरात ते आम्ल का होतं? कारण फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना क्षारता खातात: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. टाकीत खाणारी तोंडं जितकी जास्त, तितका केएच लवकर संपतो, आणि तो संपला की पीएच घसरतो. त्यात जंगली बदामाची पानं, भिजवलेलं लाकूड, झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हे सगळं त्याच दिशेने ढकलतं. आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलण्यामागचं हे खरं कारण आहे. नायट्रेट कमी होणं हा वरचा फायदा.

समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं चुनखडीचं हाड, टाकीत ठेवावा का? ठेवावा, पण तो काय करतो ते समजून. काष्ठौषधीवाल्याकडे, सियागंजसारख्या बाजारात, तो सहज मिळतो. उकळून घ्या, धाग्याने दगडाला बांधा, नाहीतर आठवडाभर तरंगत राहील. पीएच सातच्या खाली असेल तर तो आपोआप विरघळतो. आठच्या आसपास तो जवळजवळ विरघळतच नाही आणि पाण्याचे आकडे हलत नाहीत. तरीही गाई त्यावर चढून तो खरवडतात आणि कॅल्शियम थेट पोटात घेतात. अंड्याची टरफलंही चालतात. दहा मिनिटं उकळायची, आतलं पापुद्र्यासारखं अस्तर सोलायचं, वाळवून भुकटी करायची आणि खाण्यात मिसळायची.

आता तांबं. मराठी घरांत हा धोका माशांच्या औषधाइतकाच स्वयंपाकघरातून येतो. राजवाड्याच्या बर्तन बाजारातून आणलेल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला गुणकारी म्हणतात. गोगलगाईला लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागातलं तांबंसुद्धा बाधू शकतं. तोच नियम तांब्याच्या बंबातल्या पाण्याला, घंगाळाला आणि पाणी काढायच्या तांब्यालाही. प्लास्टिकची एक बादली आणि एक मग फक्त टाकीसाठी वेगळा ठेवा आणि घरात तसं बजावून सांगा. माशांच्या औषधांपैकी पांढरे ठिपके, बुरशी, ‘मखमली’ रोग यांवरच्या बाटल्यांत कॉपर सल्फेट पुष्कळदा असतं, शेवाळ मारणाऱ्या द्रवातही असतं. मासा आजारी पडला तर तो मासा काढून वेगळ्या टबात औषध द्या. तांबं वाळूत, सिलिकॉनमध्ये बसून राहतं, त्यामुळे औषध दिलेली टाकी पाणी बदललं म्हणून लगेच गोगलगाईंना चालत नाही.

कोणती गोगलगाय ठेवायची, यावर फार वेळ घालवायला नको. काचेवरचं हिरवं शेवाळ खायला नेराइटसारखी दुसरी नाही. पण तिची पांढऱ्या तिळासारखी अंडी काचेला, लाकडाला चिकटलेली राहतात आणि गोड्या पाण्यात पिल्लं वाढत नाहीत; पिल्लांना मचूळ पाणी लागतं. ट्रम्पेट दिवसा वाळूत असते, रात्री वर येते, नराशिवाय थेट जिवंत पिल्लं देते. भरदिवसा सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढलेल्या दिसल्या तर वाळू कुजली आहे किंवा पाण्यातला प्राणवायू संपत आलाय, तिथे आधी बघा. रॅम्सहॉर्न चपट्या गुंडाळीची. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं आणि अंगातला काळा रंग नसलेल्या जातीत तेच लाल होऊन दिसतं. रंग टिकवायचा असेल तर हव्या त्या रंगाचं पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतानाच एकटं ठेवा. ती उभयलिंगी आहे, एकटीही अंडी घालते. पण मोठी होऊन इतरांत मिसळली की कोणाचं बीज साठवून आणलंय ते कळत नाही. आणि झाडांबरोबर न बोलावता येणारी ती फायसा, डाव्या वळणाची. ज्या उलट्या वळणाच्या शंखासाठी लोक देवघराकरता हजारो रुपये मोजतात, ते वळण इथे पाच रुपयांच्या हायड्रिलाच्या जुडीबरोबर डझनाने फुकट येतं.

पैदाशीचा खरा आनंद मिस्ट्री स्नेलमध्ये आहे, कारण तिथे काहीतरी करावं लागतं. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्या तळ्यांतली पायला, जी जुन्या बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून उलगडली आहे, ती हिच्याच कुळातली. मात्र ती अंडी पाण्याकाठच्या ओल्या मातीत घालते आणि घरच्या टाकीत नांदणारी नाही. तळ्यातून आणलेली कुठलीही गोगलगाय टाकीत सोडूही नये, परजीवी कृमी घेऊन येते.

मिस्ट्रीत नर-मादी वेगळे. दुकानात लिंग ओळखायच्या फंदात न पडता पाच पिल्लं घ्या. निम्मे-निम्मे जन्मतात असं धरलं तर पाचांत दोन्ही लिंगं निघण्याची शक्यता ९४ टक्के. घरी ओळखायचं असेल तर गाय पाण्याबाहेर उताणी धरा आणि थांबा. ती सरळ व्हायला अंग लांबवते, त्या क्षणी तिच्या उजव्या बाजूला, शंखाच्या कडेच्या आत, नराच्या अवयवाचं पांढरट आवरण दिसतं. मादीत ती जागा रिकामी.

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी घ्या आणि पाणी आठ इंचच भरा: सुमारे ३६ लिटर. वरची चार इंच रिकामी काच मादीसाठी आहे. झाकण घट्ट आणि थोडं जड हवं. नळी जायला ठेवलेल्या फटीतूनही मोठी गाय अंग काढते आणि सकाळी सोफ्याखाली सापडते. फिल्टर स्पंजचा. मागे लटकवायचा असेल तर तोंडाला स्पंज गुंडाळा, नाहीतर दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं आत खेचली जातात.

मादी बहुधा रात्री वर येते. पाण्याच्या रेषेच्या दोन-तीन इंच वर काचेला पाय घट्ट लावून बसते आणि मग अंडी एकेक करून पायाच्या घडीतून सरकत पुढे येतात, आधीच्या अंड्याला चिकटतात. प्रत्येक दाणा ओला, मऊ, दुधाळ गुलाबी. हे तासन् तास चालतं. सकाळी बोटाच्या पेराएवढा किंवा त्याहून मोठा घोस लटकलेला असतो, त्यात ५० पासून २०० पर्यंत अंडी. त्याला दोन दिवस हात लावायचा नाही. कवच कडक व्हायचं असतं. आणि मादी वेगळी ठेवली तरी घोस येत राहिले तर नवल नको. ती नराचं बीज महिनोन् महिने साठवते.

घोस पाण्यात पडला तर आतली पिल्लं बुडून मरतात. काचेवरच ठेवला तर इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो वाळून पोकळ होतो. म्हणून दोन दिवसांनी ओल्या बोटाने तो अगदी हळू डावीकडे-उजवीकडे हलवत सोडवायचा. श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात चार पदरी टिश्यू भिजवून, घट्ट पिळून ठेवायचा. बोटाने दाबल्यावर ओल लागावी, पाणी सुटू नये. त्यावर घोस, झाकणाला चार-पाच बारीक भोकं, आणि डबा टाकीतच तरंगत ठेवायचा म्हणजे पाण्याचीच ऊब मिळते. रोज एकदा झाकण उघडून हवा बदलायची. झाकणाखाली जमलेले थेंब घोसावर पडत असतील तर ओल जास्त आहे. तसं राहिलं तर बुरशी धरते, पावसाळ्यात हमखास. २६ ते २८ अंशांना दोन ते तीन आठवडे लागतात. आधी घोस फिका होतो, मग करडा, मग काळपट, आणि आत टाचणीच्या डोक्याएवढे शंख दिसू लागतात. तेव्हा तो टाकीच्या पाण्यात हलकेच हलवला की कवचं सुटतात आणि पिल्लं तळाशी जातात. गुलाबीच राहिलेला, हलका आणि कोरडा घोस फलित नव्हता, टाकून द्या.

पिल्लांना पहिले चार आठवडे शेवाळ धरलेला स्पंज आणि माशांच्या खाद्याची भुकटी पुरते. पुढे गिलकं, दुधी, काकडी. सालं काढून दोन मिनिटं उकळलेल्या चकत्या, काट्याने खाली अडकवलेल्या. पालक चालतो, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रोज नको. सगळ्यात चांगलं घरी केलेलं घट्ट खाद्य: २०० मिलिलिटर उकडलेल्या भाजीची पेस्ट, दोन चमचे माशांच्या खाद्याची पूड, एक चमचा टरफलांची भुकटी, आणि २ ते ३ ग्रॅम अगर म्हणजे चायना ग्रासची पूड. दोन मिनिटं उकळून ताटलीत ओता, वड्या पाडा, फ्रीजरमध्ये ठेवा. जिलेटिनच्या पाककृती बऱ्याच फिरतात, पण मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीवर गेलं की जिलेटिनची वडी पाघळते आणि पाणी नासवते. अगर टिकतं. उरलेलं खाणं रात्रभरापेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात सहा तासांत काढा.

उन्हाळ्याचा दुसरा जाच तापमानाचा. तिशीच्या वर गोगलगाय लगेच मरत नाही, पण भराभर वाढते, भराभर म्हातारी होते. दोन वर्षांचं आयुष्य वर्षावर येतं. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला तर माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन ते चार अंश उतरतात. जूनच्या शेवटी हवा दमट झाली की तोच पंखा निकामी. पंख्याने पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. उडालेलं पाणी बोरिंगने भरत राहिलात तर जीएच चढत जातो, म्हणून ती भर आरओच्या पाण्याने. जानेवारीत रात्री पाणी अठराच्या खाली गेलं तर गाई आक्रसून बसतात आणि अंडी थांबतात. ३६ लिटरला ५० वॅटचा हीटर पुरे.

‘टाकीत गोगलगायी फार झाल्या, मारायचं औषध सांगा’ ही विनंती वर्षभर ऐकू येते. त्या फार होतात कारण खाणं फार पडतं. औषधाने एका रात्रीत दोनशे मेल्या तर त्या वाळूत कुजून अमोनिया इतका चढतो की मासेही जातात. खाणं निम्मं करा; रात्री काकडीची चकती ठेवून सकाळी तिच्यासकट गाई उचला. असॅसिन स्नेल त्यांना खाते आणि स्वतः सावकाश वाढते, हा सौम्य मार्ग. लोच मासेही खातात, पण सह्याद्रीतल्या नद्यांत सापडणारी पट्ट्यापट्ट्यांची बोटिया स्ट्रायाटा धोक्यात आलेली जात आहे, तिला केवळ या कामाला जुंपू नये. नवी झाडं आणली की चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटी विरघळवून दोन-तीन तास बुडवा. गाई मरतात, अंडी वाचू शकतात, म्हणून पुढे तीन आठवडे बादलीत वेगळी ठेवा.

जास्त झालेल्या मिस्ट्री सिरपूर किंवा बिलावलीच्या तळ्यात सोडून ‘जीव वाचवला’ असं समाधान मानणारे भेटतात. सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर तलाव दोन्ही २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, आणि मिस्ट्रीच्याच पोमेशिया प्रजातीतल्या एका जातीने आग्नेय आशियातली भातशेती खाऊन टाकली आहे. नको असलेले घोस दोन दिवसांत काढून फ्रीजरमध्ये टाका, पिल्लं बनायच्या आधी. जास्तीच्या मोठ्या गाई दुसऱ्या हौशी माणसाला द्या. देताना पाण्याची पिशवी नको. ओलसर सुती कापडात एकेक गुंडाळून भोकांच्या डब्यात ठेवा, शंखाच्या तोंडाचं झाकण मिटून ती दिवसभर सुखाने प्रवास करते. घेणाऱ्याला सांगा की पोचल्यावर त्याचं पाणी थेंब थेंब करून तासाभरात मिसळावं. पहिले दोन दिवस ती तरंगत किंवा निपचित पडली तर टाकून देऊ नये, शंखात हवा अडकलेली असते. उचलून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगाईचा वास ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. वास नसेल आणि झाकण आत ओढलेलं असेल तर परत पाण्यात ठेवून द्यावी.